तान्ह्या बाळाची निजण्याची जागा

पुण्याहून सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर धायरी फाटा लागतो. तेथून आत वळले की धारेश्वराच्या देवळाचे जुने गाव, गावाभोवती उभ्या राहिलेल्या उंच इमारती आणि या दोहोंच्या मध्ये लहान कारखाने व कामगार कुटुंबांच्या भाड्याच्या खोल्या, असे वस्तीचे तीन नमुने एकमेकांस लागून दिसतात. हवेली तालुक्यातील या गावाचा ग्रामपंचायतीकडे असलेला भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाला. गावाचे शहर होताना रस्ते, पाणी, सांडपाणी यांची चर्चा होते आणि ती व्हावयासही हवी. तान्हे बाळ रात्री निजते कोठे, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत कधी येत नाही.

वास्तविक या तीन प्रकारच्या घरांत त्याची तीन निरनिराळी उत्तरे मिळतात. जुन्या घरातील बाळंतिणीची खोली म्हणजे दारे-खिडक्या लावून घेतलेली, बाजेखाली शेगडी ठेवलेली खोली. भाड्याच्या एका खोलीत सारे कुटुंब एकाच अंथरुणावर निजते आणि दिवसा छताच्या कडीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली जाते. नव्या सदनिकेत बाळासाठी वेगळी खोली रंगविलेली असते. तेथे कठड्याचा पलंग असतो आणि त्या पलंगात मऊ उशा, लोड व कापडी प्राणी यांची इतकी दाटी असते की बाळ शोधावे लागते. यांपैकी एकही जागा पूर्णपणे निर्धोक नाही. तसेच, तिन्ही जागा फारशा खर्चाशिवाय निर्धोक करता येतात, हेही तितकेच खरे आहे. बाळाला स्वतंत्र खोलीची गरज नसते. त्याला दोन-सव्वादोन हात लांबीची एक सपाट, कठीण, मोकळी जागा हवी असते आणि ती आईच्या हाताच्या अंतरावर हवी असते.

निजेतील अकस्मात मृत्यू

रात्री दूध पिऊन निजलेले, कोणताही आजार नसलेले बाळ सकाळी मृतावस्थेत आढळते, अशा घटना जगाच्या सर्व भागांत घडतात. वैद्यकशास्त्रात त्यांना अर्भकाचा अकस्मात मृत्यू म्हणतात. अशा मृत्यूंपैकी बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतात आणि दुसऱ्या ते चौथ्या महिन्यांत त्यांचे प्रमाण सर्वांत अधिक असते. आपल्याकडे घरी दगावलेल्या अर्भकाची शवचिकित्सा क्वचितच होते. त्यामुळे ‘दूध अडकले’, ‘दृष्ट लागली’ किंवा ‘आईने अंगाखाली घेतले’ यांपैकी एखादे कारण सांगून विषय मिटविला जातो. शेवटचे कारण तर त्या मातेला आयुष्यभर पुरते.

या मृत्यूची सर्व कारणे अद्याप उलगडलेली नाहीत. मात्र एक प्रक्रिया पुष्कळशी स्पष्ट झाली आहे. बाळाचे तोंड मऊ उशीत वा दुलईत रुतले की त्याने सोडलेलाच श्वास त्याच्या नाकात परत जातो. हवेतील प्राणवायू कमी होतो आणि कर्बवायू वाढतो. अशा वेळी मोठा माणूस जागा होतो. सशक्त बाळही बहुधा चुळबुळ करून मान फिरविते. परंतु काही बाळांच्या मेंदूतील ही जागे होण्याची यंत्रणा पुरेशी तयार झालेली नसते, आणि कोणत्या बाळाची तशी नाही हे बाहेरून ओळखता येत नाही. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची आणि तंबाखूच्या संपर्कात आलेली बाळे या दृष्टीने अधिक नाजूक असतात.

उताणे की पालथे?

विसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोप-अमेरिकेत बाळाला पालथे निजविण्याचा सल्ला मोठ्या प्रमाणावर दिला जात असे. पालथे बाळ गाढ झोपते, हे त्याचे एक समर्थन होते. १९८७ ते १९९० या काळात न्यूझीलंडमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत पालथे निजणे व अकस्मात मृत्यू यांचा निकटचा संबंध दिसून आला. इतर देशांतील पाहण्यांचाही निष्कर्ष तसाच निघाला. १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये आणि १९९४ मध्ये अमेरिकेत बाळाला उताणे निजविण्याविषयी मोहिमा सुरू झाल्या आणि काही वर्षांतच तेथील असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. यासाठी नवे औषध लागले नाही, नवे यंत्रही लागले नाही. केवळ बाळाची कूस बदलली. पालथ्या बाळाची जी गाढ झोप गुण म्हणून सांगितली जात होती, तीच धोक्याची होती, हे यातून कळून आले.

आपल्या घरांतील जुनी पद्धत बाळाला पाळण्यात उताणे ठेवण्याचीच होती, हे येथे नमूद करावयास हवे. आज्यांनी जे चालत आले म्हणून केले, त्यास पुढे शास्त्राची पुष्टी मिळाली. पुस्तके वाचून किंवा परदेशस्थ नातेवाइकांचे ऐकून पालथे निजविण्याची सवय ज्यांनी उचलली, त्यांनी ती सोडली पाहिजे. कुशीवर निजविणेही सुरक्षित नाही, कारण कुशीवरचे बाळ सहज पालथे होते.

उताण्या बाळाच्या घशात उलटलेले दूध अडकेल, ही भीती पुष्कळ मातांना वाटते. शरीराची रचना मात्र नेमकी उलट आहे. बाळ उताणे असता श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरावयाचे तर चढावे लागते. पालथ्या बाळात श्वासनलिकाच खाली येते. दूध पाजल्यावर बाळाला खांद्याशी उभे धरून ढेकर काढावी व मग उताणे ठेवावे, इतके पुरेसे आहे. बाळ आपले आपण दोन्ही बाजूंनी पालथे-उताणे होऊ लागले की त्याला रात्रभर उलटे-सुलटे करीत बसण्याचे कारण नाही. निजविताना उताणे निजवावे. पालथे घालण्याचा व्यायाम दिवसा, बाळ जागे असताना व कोणी समोर असताना अवश्य द्यावा. त्याने मान बळकट होते.

उशी, दुपटे आणि झोळी

डोके गोल व्हावे म्हणून बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी ठेवण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. एक वर्षापर्यंत बाळाला कोणत्याही उशीची आवश्यकता नसते. उशीने मान पुढे वाकते, आणि बाळ सरकले तर तीच उशी तोंडाशी येते. डोके एका बाजूने चपटे होऊ नये यासाठी निजविताना बाळाचे तोंड एके दिवशी उजवीकडे, दुसऱ्या दिवशी डावीकडे करावे. अंथरूण घट्ट व सपाट असावे. चारपदरी केलेली सुती गोधडी, वर ताणून खोचलेली चादर, याहून अधिक काही लागत नाही. पांघरूण घालावयाचे तर ते छातीपर्यंतच घालून खाली खोचावे. त्याहून बरे म्हणजे अंगात एक जादा अंगडे घालून पांघरूणच टाळावे. दुपट्यात गुंडाळताना पाय मोकळे हलले पाहिजेत, आणि बाळ कूस बदलू लागले की गुंडाळणे बंद करावे.

कठड्याच्या पलंगात आतून बांधावयाच्या मऊ गाद्या बाजारात सर्रास मिळतात. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा करून या गाद्यांवर, तसेच दहा अंशांहून अधिक उतार असलेल्या बाळपलंगांवर बंदी घालण्यात आली. आपल्याकडे त्याच वस्तू आधुनिक म्हणून भेट दिल्या जातात. हौसेने आणलेल्या वस्तू दिवसा बाळाला खेळावयास द्याव्यात. रात्री पलंगात बाळाखेरीज काही असू नये. गळ्यातील काळा दोरा, ताईत, कुंचीचे हनुवटीखालचे बंद यांनीही गळफास बसू शकतो. दृष्टीसाठी दोरा बांधावयाचाच असेल तर तो निजेच्या वेळी गळ्यात नसावा, इतका आग्रह घरातील वडीलधाऱ्यांपुढे धरता येतो आणि ते तो मानतातही.

झोळीचा प्रश्न थोडा अवघड आहे. मोलमजुरी करणाऱ्या स्त्रीला झोळीसारखे सोयीचे साधन दुसरे नाही. ती फुकट आहे, कोठेही बांधता येते, आणि जमिनीवरील मुंग्या, विंचू, साप यांपासून बाळ उचलून धरते. पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत किंवा रानातील पालात हा लाभ क्षुल्लक नव्हे. ज्याने ते घर पाहिले नाही त्यानेच ‘झोळी वापरू नका’ असे फर्मान काढावे. पण झोळीत बाळाची पाठ धनुष्यासारखी वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनलिका दबते; बाळ कुशीवर वळले की कापड दोन्ही बाजूंनी तोंडावर येते. म्हणून झोळी रडणे शांत करण्यापुरती, नजरेसमोर, थोड्या वेळासाठी असावी. बाळ झोपले की त्याला सपाट जागी उचलून ठेवावे. रात्रीच्या निजेसाठी झोळी कदापि वापरू नये.

सपाट तळाचा लाकडी पाळणा यापेक्षा पुष्कळ चांगला. त्याच्या दांड्यांमधील अंतर सहा सेंटिमीटरांहून अधिक नसावे, म्हणजे डोके अडकत नाही. वडिलोपार्जित पाळणे भारदस्त दिसतात, पण त्यांतील अनेकांच्या दांड्या विरळ असतात. त्या जागी घट्ट विणलेली नवार लावून घ्यावी. कड्या व साखळ्या दर आठवड्यास ओढून पाहाव्यात. बाळ झोपल्यावर पाळणा हलता ठेवू नये. वर टांगलेले राघू-मैना, चेंडू बाळाच्या हाती लागणार नाहीत इतके उंच असावेत, आणि बाळ हातांवर उठू लागताच ते काढून टाकावेत. मच्छरदाणी ताणून चारी बाजूंनी खोचलेली असावी. सैल जाळी तोंडावर येते.

आईजवळ, पण अंथरूण निराळे

पहिले सहा महिने तरी बाळ आईच्या खोलीत असावे, असा आजचा वैद्यकीय सल्ला आहे. वेगळी खोली देणे ही प्रगतीची खूण समजणाऱ्यांनी याचा विचार करावा. एका खोलीच्या घरात ही गोष्ट आपोआप साधते. तेथे अडचण निराळी असते. बाळ आई-वडिलांच्या मध्ये, एकाच जाड वाकळीखाली निजते.

आपल्या समाजात आईच्या कुशीत बाळ निजणे इतके स्वाभाविक आहे की त्याचा सरसकट निषेध केल्याने कोणी ऐकत नाही, आणि रात्री पाजण्यास ती जवळीक उपयुक्तही आहे. अकस्मात मृत्यूचा धोका अंगावरच्या दुधाने कमी होतो, हे सिद्ध झालेले आहे. तेव्हा आईने बाळाला कुशीत घेऊन पाजावे आणि नंतर शेजारच्या त्याच्या अंथरुणावर उताणे ठेवावे. भाताचे सूप, उथळ रुंद टोपली किंवा साधी लाकडी पेटी कठीण तळाची असेल तर तीही आईच्या अंथरुणाशेजारी चालते. बाळाला दोन मोठ्या माणसांच्या मध्ये घेऊ नये. पलंग भिंतीला लावला असेल तर मधली फट धोक्याची असते. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला उराशी घेऊन डुलकी काढणे सर्वांत वाईट. घरातील कोणी दारू प्यायले असेल, झोपेचे औषध घेतले असेल किंवा धूम्रपान करीत असेल, तर बाळाचे अंथरूण निराळे असलेच पाहिजे. कमी वजनाच्या बाळाबाबतही हाच नियम पाळावा.

शेगडी, धुरी आणि मिश्री

बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीमागे थंडीपासून रक्षणाचा हेतू आहे आणि तो रास्त आहे. सिंहगडाच्या पायथ्याच्या या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गारठा चांगलाच असतो, आणि नवजात बाळ आपली ऊब स्वतः राखू शकत नाही. पण बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळीनंतर ओवा-धूपाची धुरी देण्याची चाल बाळाच्या कोवळ्या श्वासमार्गास अपायकारक आहे. डासांची अगरबत्तीही त्याच जातीची. त्याऐवजी मच्छरदाणी वापरावी.

ऊब देण्याचे याहून सुरक्षित मार्ग आहेत. खिडकी थोडी उघडी ठेवावी, मात्र बाळ वाऱ्याच्या झोतात असू नये. मोठ्या माणसाला जितके कपडे पुरेसे वाटतात त्याहून एक जादा कपडा बाळाला पुरतो. हातपाय गार लागले तरी भिऊ नये. मानेची मागची बाजू किंवा छाती हाताने पाहावी. ती घामेजलेली असेल तर कपडे जास्त झाले. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये कुंची व दोन दुपटी घातलेली बाळे पाहिली म्हणजे हे सांगणे किती निकडीचे आहे ते पटते. पहिले काही दिवस, तसेच बाळ कमी वजनाचे असल्यास, टोपडे आवश्यक असते. सशक्त, वाढत्या बाळाला घरात निजताना ते लागत नाही. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची ‘कांगारू’ पद्धत शेगडीहून कितीतरी गुणकारी आहे. परिचारिकेकडून ती शिकून घ्यावी.

निजेच्या लेखात मिश्रीचा उल्लेख काहींना अप्रस्तुत वाटेल. तसे नाही. मिश्री हा तंबाखूच आहे. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या पाहणीत, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे शंभर ग्रॅमने कमी भरल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. यात मिश्रीचाही समावेश होता. कमी वजनाचे बाळ निजेत अधिक धोक्यात असते, हे वर आलेच आहे. घरातील पुरुषांच्या विडी-सिगारेटचा धूर हा धोका आणखी वाढवितो.

विकतची झोप

नवजात बाळ दिवसाकाठी चौदा ते सतरा तास झोपते, पण सलग नव्हे. दर दोन-तीन तासांनी ते भुकेने जागे होते. रात्र आणि दिवस हा भेद त्याला दोन-तीन महिन्यांनंतर कळू लागतो. त्याला मदत करावयाची तर दिवसा उजेड व घरातील नेहमीचे आवाज असू द्यावेत, रात्री दिवा मंद ठेवावा, पाजताना मोबाईलचा प्रकाश व गप्पा टाळाव्यात. रोज ठरावीक वेळी अंग पुसणे, पाजणे, अंगाई म्हणणे हा क्रम बाळाला लवकर ओळखीचा होतो. सण-उत्सवांतील ध्वनिवर्धकांचा बंदोबस्त आईच्या हाती नसतो. तो पंचायतीच्या व पोलिसांच्या हाती असतो.

ज्या आईला सकाळी सातला कामावर हजर व्हावयाचे आहे, तिला मात्र बाळाची तुटक झोप परवडत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया पूर्वी तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन जात. तिला ‘बाळागोळी’ म्हणत. १९२० नंतरच्या दशकात झालेल्या पाहण्यांत ही चाल किती पसरली होती ते उघड झाले. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात गिरण्यांत पाळणाघरे असावीत अशी शिफारस केली. अफू हे आईच्या अज्ञानाचे फळ नव्हते. बाळ ठेवावयास जागा नसल्याचे ते फळ होते. आज बाळागोळी नाही. पण सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध झोपेसाठी बाळाला पाजणे हा तिचाच नवा अवतार आहे, आणि त्यानेही बाळाचा श्वास मंदावू शकतो. असे औषध डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज देऊ नये.

पाळणाघराची तरतूद कायद्यात पूर्वीपासून आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात ती होती. १९७६ च्या दुरुस्तीने तीसहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांस ती लागू झाली. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कामगारांच्या आस्थापनेस पाळणाघर आवश्यक ठरविले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती तरतूद पुढे आली. पण धायरीसारख्या वस्तीतील लहान कारखान्यात पाच-दहाच माणसे असतात. तेथे कायद्याची संख्याच भरत नाही, आणि बाळ एक तर यंत्राजवळच्या झोळीत राहते किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर.

ही थोरली बहीण शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे. हजेरीपटावर तिचे नाव असते आणि वर्गात ती नसते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ उभी केली, तिच्यामागे हाच अनुभव होता: धाकटे भावंड सांभाळले गेले तरच मोठे मूल शाळेत बसते. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागी मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले; ते काम पुढे मुंबई-पुण्यासही आले. केंद्र शासनाच्या ‘मिशन शक्ती’मधील ‘पाळणा’ योजनेत २०२२ पासून अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविता येते. मात्र ती सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. त्याआधीचे सहा महिने, म्हणजे नेमका धोक्याचा काळ, बाळ घरीच असते.

त्या काळात घरात पाऊल टाकणारी शासनाची प्रतिनिधी म्हणजे आशा कार्यकर्ती. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये त्या धर्तीवर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाला आशा ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेटते. घरी प्रसूती झाली असल्यास पहिल्या दिवशीही. ती वजन घेते, ताप पाहते, नाळ पाहते. याच भेटीत ‘बाळ रात्री कोठे निजते ते दाखवा’ एवढे एक वाक्य तिने उच्चारावे, असे सुचवावेसे वाटते. विचारून जे कळत नाही ते अंथरूण पाहून कळते. सासूबाई समोर असतील तर अधिक चांगले, कारण मोहरीची उशी बहुधा त्यांनीच शिवलेली असते आणि ती काढण्याचा अधिकारही त्यांचाच असतो.

बाळ पीत नसेल, अंग गार पडले असेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास मिनिटास साठहून अधिक होत असेल किंवा छातीत खळगे पडत असतील, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि सर्व काळजी घेऊनही एखादे बाळ गेलेच, तर त्याची नोंद २१ दिवसांत झाली पाहिजे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात एका दिवसाच्या बाळालाही सूट नाही. २०१४ पासून बालमृत्यूची घरी जाऊन चौकशी करण्याची कार्यपद्धती ठरली आहे. त्या चौकशीस जाणाऱ्याने बाळ कसे निजविले होते, अंथरुणात काय होते, शेगडी होती काय, हे शांतपणे विचारून लिहून घ्यावे, आणि निघण्यापूर्वी त्या मातेला घरच्यांसमक्ष सांगावे की हा तिचा अपराध नव्हे.